गावात पाऊल टाकण्याआधी सामोआ वाचा : पीएचडीच्या मार्गदर्शकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमधले वनस्पतिशास्त्र, पुरातत्त्व आणि मानवशास्त्र या विषयांचे पीएचडी मार्गदर्शक

स. न. वि. वि.

लोकवनस्पतिशास्त्रावरचे, म्हणजे लोकांना असलेल्या वनस्पतींच्या माहितीवरचे प्रबंध तपासणीसाठी अधूनमधून माझ्याकडे येतात. मध्यंतरी असाच एक आला. काम मन लावून केलेलं. शास्त्रीय नावं बिनचूक, हर्बेरियमचे (वाळवून ठेवलेल्या वनस्पतींचे) नमुने नीट दाबलेले, तक्ते स्वच्छ. शेवटच्या परिशिष्टात माहिती देणाऱ्यांची यादी होती आणि तीत एक ओळ : 'माहितीदार क्र. 14, स्त्री, वय अंदाजे 60, निरक्षर'. कावीळ, सांधेदुखी, बाळंतपणानंतरचा ताप. प्रबंधातली निम्म्याहून अधिक औषधं याच बाईंनी सांगितलेली. मौखिक परीक्षेत मी विचारलं, या बाईंना प्रबंध दाखवलात का? विद्यार्थी गाइडकडे बघू लागला आणि गाइड घड्याळाकडे. पदवी अर्थातच मिळाली. मिळायलाच हवी होती.

तो प्रश्न खरं तर विद्यार्थ्याचा नाही, तुमचा आहे. विषय कोणता, कोणत्या गावात जायचं, परवानगी कोणाची काढायची हे तुम्ही ठरवता. ग्रामपंचायतीचं पत्र, वनखात्याचा परवाना, विद्यापीठाच्या नीती समितीचा शिक्का एवढं फाइलला लागलं की कागद पुरे होतात. ज्या घरात ते ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं गेलं, त्या घराची सही फाइलमध्ये कुठेच नसते. या एका बाबतीत पॅसिफिकमधल्या एका छोट्या देशाचा गेल्या चाळीसेक वर्षांचा अनुभव तुमच्या विद्यार्थ्यांनी गावात पाऊल टाकण्याआधी वाचावा, असं मला फार वाटतं. तो देश म्हणजे सामोआ. मी तिथे गेलेलो नाही. जे लिहितो आहे ते वाचून, आणि आपल्याकडच्या कामाशी ताडून.

आकार सांगायचा तर 2,842 चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहूनही लहान. उपोलू आणि सावाई ही दोन मोठी बेटं, बाकी चिल्लर. लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. 1962 च्या 1 जानेवारीला स्वतंत्र झालेला हा देश एका गोष्टीत मात्र आपल्यापेक्षा कितीतरी ठाम आहे. तिथली सुमारे 80 टक्के जमीन रूढीने घराण्यांची आहे आणि ती विकता येणार नाही, असं राज्यघटनेतच लिहून ठेवलं आहे. घराण्याला ते 'आइगा' म्हणतात. त्यात चुलत-मावस-आत्ते सगळे आले, परदेशी गेलेलेही आले. प्रत्येक आइगाची एक किंवा अनेक नावाजलेली पदं असतात आणि ते पद धारण करणारा तो मताई. आपल्याला वतनदार आठवेल, पण वतन जन्माने मिळायचं. इथे घराणं एकत्र बसून, बरीच भांडणं करून, शेवटी एकमताने माणूस निवडतं. नाही जमलं तर जमीन आणि पदांच्या खास न्यायालयात जातं. स्त्रियाही मताई होतात, संख्येने कमी. सगळ्या मताईंची मिळून गावाची सभा, तिचं नाव फोनो. आणि 1990 च्या कायद्याने तिच्या अधिकारावर सरकारने शिक्कामोर्तब केलं.

संशोधकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. झाड, समुद्रातला खडक, रानातला दगडी चौथरा, यांतलं कशालाही हात लावायचा तर कोणाच्या दारात जाऊन बसायचं हे आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडे तेच दार शोधायचे कष्ट कोणी घेत नाही.

आता फालेआलुपोची गोष्ट. सावाई बेटाच्या पश्चिम टोकाला हे गाव. जुन्या समजुतीप्रमाणे मेलेल्यांचे आत्मे परलोकात उतरतात ते इथूनच. गावामागे सखल प्रदेशातलं जुनं वर्षावन. 1984 च्या सुमारास पॉल कॉक्स नावाचा अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ औषधी वनस्पती अभ्यासायला तिथे बायकामुलांसह येऊन राहिला. तरुणपणी तो धर्मप्रचारक म्हणून सामोआत राहून गेला होता, त्यामुळे भाषा अस्खलित. आई कर्करोगाने गेल्यावर औषधाच्या शोधात तो परतला होता. गावातल्या वैद्य स्त्रियांकडे, त्यांना तिथे 'ताउलासेआ' म्हणतात, तो शिकायला बसला. हे ज्ञान बहुतेक आईकडून मुलीकडे, मावशीकडून भाचीकडे जातं. त्यातल्या एका वृद्ध बाईंनी त्याला मामाला नावाच्या लहानशा झाडाच्या खोडाचा काढा दाखवला. विशिष्ट प्रकारच्या काविळीवर देतात तो. खोडाची साल कोणत्या झाडाची घ्यायची आणि कोणत्या झाडाची नाही, हे त्या बाई बघून सांगायच्या. पुढे संशोधकांनी निरनिराळ्या भागांतल्या मामालाच्या झाडांमधलं औषधी द्रव्य मोजलं, तेव्हा त्याचं प्रमाण झाडागणिक खूपच बदलतं असं दिसलं. म्हणजे बाईंची निवड ही नुसती सवय नव्हती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत त्या खोडातून प्रोस्ट्राटिन हे संयुग वेगळं काढलं गेलं आणि 1992 मध्ये ते एचआयव्हीविरुद्ध काम करतं असा शोधनिबंध आला. त्याची खुबी अशी की शरीरातल्या पेशींत दडून बसलेल्या विषाणूला ते बाहेर हुसकावतं. नेहमीच्या औषधांना नेमका तोच दडलेला विषाणू हाती लागत नाही.

पण मला सांगायची आहे ती त्याच्या आधीची, 1988 ची घटना. सरकारने गावाला बजावलं होतं, धड शाळा बांधा, नाहीतर शिक्षक काढून घेऊ. शाळेला 65,000 डॉलर लागणार होते. गावाकडे पैसे नव्हते, होतं ते रान. फोनोने जड मनाने लाकूडकंपनीला रान तोडायची परवानगी दिली आणि बुलडोझर शिरले. कॉक्सला हे कळलं तेव्हा त्याने उपदेश केला नाही. शाळेच्या पैशांची जबाबदारी आपण घेतो, असं त्याने मताईंना सांगितलं. फुइओनो सेनिओ हे मताई तसेच रानाकडे धावले आणि त्यांनी तोड थांबवली. पुढे देणगीदारांकडून पैसे उभे राहिले, शाळा झाली आणि गावाने करार केला : सुमारे 30,000 एकर रान 50 वर्षं तोडायचं नाही, मालकी गावाचीच, औषधी गोळा करण्याचा, होडीसाठी लाकूड घेण्याचा हक्क गावाचाच. 1997 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला तो कॉक्स आणि सेनिओ या दोघांना मिळून.

या करारात रान राखणारा पक्ष कोणता ते बघा. वनखातं नाही, परदेशी संस्था नाही. राखणदार गाव आहे आणि बाहेरच्याने फक्त त्याच्या गळ्याचा फास सैल केला. मधल्या काळात काही बाहेरच्या संस्थांना आपण पैसे दिले म्हणजे रान आपलं झालं असं वाटू लागलं. तेव्हा कॉक्स आणि स्वीडनचे परिसरशास्त्रज्ञ थॉमस एल्मक्विस्ट यांनी त्याला थेट 'पर्यावरणीय वसाहतवाद' म्हटलं आणि 1997 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. आपल्याकडे देवराईवर प्रकल्प घेऊन जाणाऱ्या कित्येक संस्थांच्या फलकावर देवराईहून संस्थेचं नाव मोठं असतं. तेव्हा हा शब्द जपून ठेवण्यासारखा आहे.

मामालाच्या बाबतीत पुढे दोन करार झाले. 2001 मध्ये अमेरिकेतल्या एड्स संशोधन संस्थेने सामोआ सरकारशी केलेल्या करारात औषधाच्या नफ्यातला 20 टक्के वाटा सामोआला ठरला. 2004 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मामालाची जनुकं जिवाणूत घालून प्रोस्ट्राटिन बनवायचं ठरवलं, तेव्हा त्यातून येणाऱ्या उत्पन्नाचा निम्मा वाटा सामोआचा, आणि त्यातला हिस्सा गावाला व त्या वैद्य स्त्रियांच्या कुटुंबांना, असं लिहून दिलं गेलं. जनुकावर देशाचा हक्क मान्य करणारा करार म्हणून त्याचा बराच गाजावाजा झाला.

आणि प्रोस्ट्राटिन आजही औषध म्हणून दुकानात मिळत नाही. शून्याचा निम्मा वाटा शून्यच. या विषयावरच्या व्याख्यानांत करारांची टक्केवारी मोठ्या आवाजात सांगतात आणि हे वाक्य गिळून टाकतात, म्हणून मुद्दाम लिहिलं. फालेआलुपोच्या हाती खरोखर पडलं ते औषध निघण्याआधीच दिलेलं होतं : शाळा, आणि न तुटलेलं रान. 'पुढेमागे पेटंट निघालं तर' या अटीवर वैदूला काही देऊ करणं म्हणजे वायदा, मोबदला नव्हे. तुमच्या विद्यार्थ्याच्या हातून पेटंट निघण्याची शक्यता किती हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आता एक आक्षेप येईल, की हे सगळं गोऱ्या संशोधकाच्या चांगुलपणावर उभं आहे. खरं आहे, आणि म्हणून दुसरं उदाहरण त्याहून महत्त्वाचं वाटतं. मातालाफी नावाचं झुडूप सामोआच्या परसात, रानात सर्रास वाढतं. पानं चुरगाळून रस काढतात. अंग दुखणं, सूज, आणि भूतबाधा समजली जाणारी दुखणी यांवर तो देतात. सामोआच्याच शास्त्रज्ञ सेएसेएई मोलिमाऊ-सामासोनी यांनी त्यावर डॉक्टरेटसाठी न्यूझीलंडमध्ये काम केलं. त्या रसातली द्रव्यं लोहाला बांधून ठेवतात आणि प्रतिकारपेशींवरच्या चाचणीत सुजेवर त्यांचा परिणाम आयब्युप्रोफेनच्या तोडीचा दिसला. 2021 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात हा निबंध छापून आला. काम करणारी सामोआची, पुढे नोकरीही आपिया या राजधानीतल्या देशी संशोधन संस्थेत. भूतबाधेवरचं औषध म्हटल्यावर नाक न मुरडता, त्यात काय आहे ते तिने यंत्रावर तपासलं. आपल्या आदिवासी पाड्यांतून आलेले विद्यार्थी तुमच्याकडे आहेत. त्यांना स्वतःच्या आजीचं औषध हा विषय तुम्ही देता का, की तो 'फारच घरगुती' म्हणून बाजूला पडतो?

घराण्याकडे ठेव राहिली की ती सुखरूप, असा अर्थ कोणी काढू नये. 1918 च्या 7 नोव्हेंबरला ऑकलंडहून 'तालुने' नावाचं जहाज आपियाला आलं. त्यावर इन्फ्लुएन्झाचे रोगी होते. तेव्हाच्या न्यूझीलंडच्या प्रशासनाने ते विलगीकरणाशिवाय धक्क्याला लागू दिलं. काही आठवड्यांत पश्चिम सामोआतली (आजच्या सामोआचं हे तेव्हाचं नाव) पाचातली एक व्यक्ती मेली, साधारण साडेआठ हजार माणसं. शेजारच्या अमेरिकन सामोआने जहाजं अडवली आणि तिथे या साथीने कोणी दगावलं नाही. मेलेल्यांत मताई आणि वडीलधारी माणसं फार होती. वंशावळी, जमिनीच्या हद्दी, औषधं, सभेतलं बोलणं हे सगळं ज्यांच्या तोंडी होतं तीच माणसं महिनाभरात गेली. जे फक्त तोंडी असतं त्याला लिहून ठेवणारा कोणीतरी लागतो, आणि तिथे तुमचं काम सुरू होतं. वैदूचं ज्ञान टिपू नका, असं मी म्हणतच नाही. टिपा, पण कोणाचं आहे हे विसरू नका.

जिथे घराण्याने आपला जिन्नस घट्ट धरला तिथे काय टिकलं याचा नमुना म्हणजे गोंदण. मिशनरी आल्यावर पॉलिनेशियातल्या बहुतेक बेटांवर गोंदणं बंद पडलं. सामोआत 1830 मध्ये मिशनरी आले तरी ते अखंड चालू राहिलं, कारण ते ठरावीक घराण्यांच्या हातात होतं आणि त्यांनी धर्म बदलला तरी हत्यार टाकलं नाही. पुरुषांच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं पेआ आणि स्त्रियांच्या मांड्यांवरचं मालू आजही त्याच परंपरेतले तुफुगा, म्हणजे गोंदणारे कारागीर, करतात. बाहेरच्या कोणाला शिकवायचं आणि कोणाला नाही, तेही तेच ठरवतात.

दुसरा नमुना बायकांच्या हातचा. 'इए तोगा' ही केतकीच्या जातीच्या पानांची चटई, पण बसायची नव्हे. पानांचे काटे काढून, उकडून, समुद्राच्या पाण्यात ठेवून, उन्हात पांढरी करून त्यांच्या इतक्या बारीक पट्ट्या काढतात की विणलेली चटई हाताला रेशमी कापडासारखी लागते. एकेकीला महिने लागतात, उत्तम असेल तर वर्षंही. काठाला पिसं; पूर्वी लाल पोपटांची, हल्ली बहुधा रंगवलेली कोंबडीची. लग्न, मर्तिक, पदग्रहण, कुठेही ती दिली-घेतली जाते. आणि 'इफोगा' म्हणून एक विधी आहे. एखाद्या घराण्यातल्या माणसाने दुसऱ्या घराण्यात कोणाचा जीव घेतला, तर गुन्हेगाराच्या बाजूची वडील माणसं पहाटे दुखावलेल्या घराच्या अंगणात येऊन बसतात, डोक्यावरून इए तोगा पांघरून, मान खाली. आतून कोणी येऊन चटई उचलली तर क्षमा. न उचलता हल्लाही होऊ शकतो, आणि ते माहीत असूनही ते बसून राहतात. 2019 मध्ये युनेस्कोने इए सामोआच्या (म्हणजे इए तोगाच्याच) विणकामाची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. नोंद चांगलीच, पण तिने एकही चटई विणली जात नाही. गावातल्या बायका एका घरात जमून विणतात आणि सरकार त्या गटांना आधार देतं, विणकाम चालू आहे ते त्यामुळे.

इथपर्यंत वाचून तुमच्यापैकी एखादा म्हणेल, की हा सगळा मताईंचा गौरव चालला आहे. तर मग मानुमेआकडे वळू. हे सामोआचं राष्ट्रीय पाखरू, आकड्यासारख्या वाकड्या चोचीचं कबूतर, डोडोचा जिवंत राहिलेला नातलग. कडुनिंबाच्या कुळातल्या एका झाडाची टणक फळं ते चोचीने कापतं. आज ते नष्ट होण्याच्या काठावर आहे. सावाईच्या रानात 2013 मध्ये एका पिल्लाचा फोटो मिळाला याचीच केवढी बातमी झाली. रान तुटलं, 1990 आणि 1991 ला ओफा आणि वाल ही दोन चक्रीवादळं पाठोपाठ आली, मांजरं आणि उंदीर वाढले, आणि शिकार. मानुमेआची मुद्दाम शिकार होत नाही, पण लुपे या दुसऱ्या कबुतराला मारताना ते सापडतं. कबुतराच्या शिकारीवर बंदी आहे. मग खातं कोण? अभ्यासकांनी घरोघरी विचारून पाहिलं, तर हे मांस मुख्यतः खाऊनपिऊन सुखी घरांत जातं असं आढळलं. गरीब खेडूत पोटासाठी मारतो, ही आपली ठरलेली समजूत तिथे पार उलटी पडली.

याला जुनी पार्श्वभूमी आहे. सामोआच्या डोंगरांत दगडमातीचे ताऱ्याच्या आकाराचे चौथरे सापडतात, मध्ये सपाट आणि कडेला पाकळ्यांसारखे हात. सरदार मंडळी त्यांवर उभं राहून, पाळलेलं कबूतर आमिषाला उडवून, लांब दांड्याच्या जाळ्याने रानकबुतरं पकडायची. मानाचा खेळ होता तो. म्हणजे आज पुरातत्त्वज्ञ ज्या चौथऱ्यांचं जतन करा म्हणतात आणि पक्षिशास्त्रज्ञ ज्या सवयीचा निषेध करतात, त्या दोन्हींचा उगम एकाच मानात आहे. राखणदार घराणं वारसा सांभाळतं तसंच कधी तो खातंही. तुमचा विद्यार्थी गावात गेला की त्याला दोन्ही दिसलं पाहिजे. नाहीतर तो 'निसर्गाशी एकरूप समाज' असं प्रकरण लिहून मोकळा होतो.

आणि जिथे दारच ठरत नाही तिथे काय होतं, ते पुलेमेलेईला दिसतं. सावाईच्या पालाउली भागातल्या एका जुन्या मळ्यात रानाखाली दडलेला हा दगडी ढिगारा तळाशी साठेक मीटर लांब आणि उंचीला सुमारे 12 मीटर. पॉलिनेशियातल्या सर्वांत मोठ्या प्राचीन बांधकामांत त्याची गणना होते. 2002 ते 2004 या काळात पुरातत्त्वज्ञ हेलेन मार्टिन्सन-वॉलिन यांच्या पुढाकाराने तिथे उत्खनन झालं, वर वाढलेलं झाडोरं साफ झालं, आणि आता हे देशाचं मोठं स्थळ होणार असं वाटू लागलं. पण जमीन कागदोपत्री खासगी मालकीची, शेजारच्या गावाच्या मते आपल्या पूर्वजांची. वाद न्यायालयात गेला, आणि ढिगाऱ्यावर पुन्हा वेली चढल्या. संशोधन उत्तम होतं. उणीव होती ती वादातीत राखणदाराची, आणि ती पुरातत्त्वाच्या कोणत्याही पद्धतीने भरून निघत नाही.

अलीकडे हवाई लेझर मापनाने, ज्याला लायडार म्हणतात, सामोआच्या आतल्या भागात रानाखाली भिंती, रस्ते, चौथरे यांचं दाट जाळं दिसू लागलं आहे. सामोआच्या राष्ट्रीय विद्यापीठातलं सामोअन अभ्यास केंद्र ते प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळतं. त्यासाठी गावागावांत आधी फोनोसमोर बसावं लागतं. विमानाने वरून बघितलं म्हणून खालची परवानगी टळत नाही.

समुद्राचं एका परिच्छेदात सांगतो, कारण ते सोपं आहे. 1995 पासून किनाऱ्यावरची गावं मत्स्यखात्याच्या मदतीने स्वतःचे मासेमारीचे नियम लिहू लागली. सुरुंग नको, विषारी मुळ्या पाण्यात टाकायच्या नाहीत, खडकाचा अमुक भाग बंद. नियम गावाने करायचे आणि सरकारने त्यांना कायद्याचं बळ द्यायचं. पहिल्या दोन वर्षांत 44 गावांनी असे आराखडे केले. खात्याचे शास्त्रज्ञ सल्ला देत, निर्णय फोनोत होई.

आता आपल्याकडे. नंदुरबारमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्याबरोबर 1966 मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं. त्यावरून पुढे कर्करोगाची औषधं आली. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडलं, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला. मग काय झालं हे तुमच्यापैकी जे घाटात फिरतात त्यांनी डोळ्यांनी बघितलं आहे : नरक्या मुळासकट उपटला गेला, टेम्पो भरभरून गेला, आणि डोंगरातल्या माणसाला तोडीची मजुरी मिळाली. कोणत्या घराला, कोणत्या गावाला विचारायचं हा प्रश्नही कोणी काढला नाही. फालेआलुपोच्या आधीची ही गोष्ट नाही, समांतर काळातली आहे.

जैवविविधता कायदा आहे, 2002 चा. त्याखाली गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत. कित्येक नोंदवह्या ठेकेदाराने भरलेल्या, गावाने कधी न उघडलेल्या, तो भाग वेगळा. पण निव्वळ शैक्षणिक संशोधन करणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यावर हा कायदा फारसं काही लादत नाही, आणि 2023 च्या दुरुस्तीनंतर लाभवाटपातून मिळणारी सूट आणखी वाढली आहे. म्हणजे आता जे काही करायचं ते कायद्याच्या धाकाने होणार नाही. गाइडने ठरवलं तरच होईल.

म्हणून विनंती. संशोधन आराखडा मंजूर करताना विद्यार्थ्याकडून एक पान जास्तीचं मागा. ज्या कुटुंबाकडून माहिती घ्यायची त्याचं नाव, त्या कुटुंबात ती सांगण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि त्यांनी 'एवढं लिहा, एवढं नको' असं काय सांगितलं, हे त्या पानावर असू दे. करार मराठीत किंवा तिथल्या बोलीत करा आणि मोठ्याने वाचून दाखवा. परत द्यायची गोष्ट पहिल्याच वर्षी द्या : रोपवाटिका, अंगणवाडीची दुरुस्ती, नातीच्या शिक्षणाची सोय, ते लोक मागतील ते. त्यासाठी संशोधनवृत्तीच्या आकस्मिक निधीतून तरतूद करता येते का हे विद्यापीठाला विचारा. झेरॉक्सला देता येते तर याला का नको? ज्यांना हवं त्यांचं नाव शोधनिबंधात पूर्ण छापा, आणि ज्यांना नको त्यांचं लपवा, पण ठरवू दे त्यांना. एखाद्या घराने नाही म्हटलं तर विषय बदला. गाइड म्हणून हे शेवटचं सर्वांत जड जातं, मला कल्पना आहे.

याने वेळ जातो, पेपर उशिरा निघतो, पदोन्नतीच्या गुणांत याला जागा नाही. सगळं मान्य. कॉक्सला मामाला दाखवणाऱ्या बाईंनीही त्याला पहिल्या दिवशी दाखवला नव्हता. आधी भाषा, मग राहणं, मग झाड.

सामोआ आणि बर्कली यांच्या कराराचा, तसंच फालेआलुपोच्या रानाच्या करारनाम्याचा मुद्देवार मराठी गोषवारा मी तयार करतो आहे. संशोधन आराखड्याच्या बैठकीत तो वाचून घ्यायचा असेल तर विभागाने कळवावं. पाठवतो, आणि शंका असतील तर येऊन बोलतोही.

कळावे, लोभ आहेच.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक